आतून होकार आला पाहिजे



माझ्या लहानपणी रमजानच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात पहाटे एक म्हातारे चाचा यायचे. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात काठी आणि गळ्यात दोरीने अडकवलेला पत्र्याचा डबा. डबा वाजवत, हाका मारत ते सहरीसाठी लोकांना उठवायचे. आमच्या घरी गजराचे घड्याळ होते. पण माझ्या आईचा भरवसा चाचांवर. ती म्हणायची, घड्याळ वाजते आणि थांबते. आपण उठलो की कूस बदलून पुन्हा झोपलो, याच्याशी त्याला काय देणेघेणे? चाचांचे तसे नव्हते. आतून ‘जाग आली, चाचा’ असा आवाज आल्याशिवाय ते दारावरून हलत नसत. एखाद्या घरातून उत्तर आले नाही तर कडी वाजवत. तरी आले नाही तर शेजाऱ्याला विचारत, ‘घरात सगळे बरे आहे ना?’

आज मी आपल्याशी गजराविषयीच बोलणार आहे. पण घड्याळाच्या नव्हे, कारखान्यातल्या. आपण म्हणाल, कवितेची वही सोडून हा माणूस कारखान्यात कशाला शिरला? मी बी. ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकच्या पेपरापर्यंतचा. पण माझा एक भाचा आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स करून सिमेंटच्या कारखान्यात लागला, आणि त्याच्यामुळे हा विषय माझ्या घरात आला. कारखान्याचे नाव मी सांगत नाही. गोष्ट कारखान्याची नाही, आपल्या सगळ्यांच्या एका सवयीची आहे.

आमचा वणी-झरीचा पट्टा हा कोळशाचा आणि चुनखडीचा. या दोन गोष्टी जिथे जवळजवळ सापडतात तिथे सिमेंट येते. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घूस, गडचांदूर, आवारपूर या गावांची नावे सिमेंटमुळेच दूरवर गेली. अलीकडे आमच्या जिल्ह्यातही मुकुटबनला मोठा प्रकल्प उभा राहिला आणि २०२२ साली तिथे उत्पादन सुरू झाले. त्यामुळे आमच्याकडे आता घरटी नाही तरी गल्लीटी एक मुलगा सिमेंटच्या कामावर असतो.

सिमेंटची भट्टी म्हणजे एक लांबलचक, आडवे, सावकाश फिरणारे नळकांडे. त्यात चुनखडीचे पीठ सुमारे साडेचौदाशे अंशांपर्यंत तापते. जाळायला कोळशाची भुकटी. कोळशाला हवा पुरेशी मिळाली तर तो पुरता जळतो. हवा कमी पडली, किंवा कोळसा जास्त झाला, तर तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे.

भट्टीतून निघालेला धूर बाहेर सोडण्याआधी त्यातली धूळ पकडावी लागते. बऱ्याच ठिकाणी हे काम ईएसपी नावाचे यंत्र करते. त्यात हजारो व्होल्टची वीज खेळवलेली असते. धुळीचे कण तिच्या ओढीने पत्र्यांना चिकटतात. एवढ्या दाबाच्या विजेची ठिणगी अधूनमधून उडतेच. आता विचार करा, एका बाजूला जळण्याजोगा वायू आणि दुसऱ्या बाजूला ठिणगी. दोघांची गाठ पडली तर धडाकाच.

म्हणून धुराच्या वाटेवर एक अ‍ॅनालायझर बसवतात. मराठीत वायू-विश्लेषक. तो धुरातून एक बारीक धार ओढून घेतो, गाळतो, थंड करतो, आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडून कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते मोजतो. आकडा नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर उमटतो. आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला की गजर होतो. त्याहून वर गेला की ईएसपीची वीज आपोआप तुटते.

मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘मग ही मर्यादा किती ठेवायची, हे कोण ठरवतो? यंत्र?’ तो हसला. म्हणाला, ‘मामू, यंत्र फक्त मोजते. कुठे घाबरायचे ते माणसाने त्याला शिकवायचे.’

हे शिकवणे म्हणजेच गजर बांधणे. आणि ते वाटते तितके सोपे नाही.

आता मर्यादेचेच पाहा. हवेत कार्बन मोनॉक्साइड साडेबारा टक्क्यांच्या आसपास पोचल्याशिवाय स्फोट होत नाही, असे शास्त्र सांगते. मग गजर दहा टक्क्यांवर लावला तर चालेल का? मुळीच नाही. कारखान्यात तो एका टक्क्याच्याही आत लावलेला असतो. कारण धुराची धार यंत्रापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. मोजायला काही सेकंद लागतात. माणसाने ऐकून हात पुढे करायला आणखी काही. गजर धोक्यापाशी लावायचा नसतो. धोक्यापासून मागे मोजत यायचे, आणि माणसाला काही करायला वेळ उरेल तिथे तो लावायचा.

दुसरी गोष्ट, गजर बंद कधी व्हायचा? समजा मर्यादा ०.४ आहे आणि आकडा ०.३९ आणि ०.४१ यांच्यामध्ये झुलतो आहे. मग गजर वाजतो, थांबतो, वाजतो, थांबतो. पाळीभर ही किटकिट. म्हणून यंत्राला सांगून ठेवावे लागते की, ०.४ वर वाजायला लाग, पण ०.३ च्या खाली आल्याशिवाय गप्प बसू नकोस. ताप उतरला की लगेच पोराला अंगणात सोडत नाहीत, एक दिवस वाट पाहतात. तसेच हे. एखाद्या क्षणापुरता आकडा उसळला तर वाजू नये म्हणून दोन-चार सेकंदांचा उशीरही ठेवतात. पण उशीर फार ठेवला तर गजराचा अर्थच गेला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. गजराची तार उंदराने कुरतडली तर? वीज गेली तर? यंत्रच बंद पडले तर? अशा वेळी शांतता पसरेल आणि आपण समजू की सगळे ठीक आहे. म्हणून चांगल्या जोडणीत उलटे करतात. सगळे ठीक असेल तोवर तारेतून वीज वाहत ठेवायची. ती थांबली की गजर. तार तुटली तरी गजर वाजणारच.

हे ऐकून मला आमच्याकडची जागल आठवली. रानडुकरे आणि रोही पीक खातात म्हणून आमच्या भागात शेतकरी रात्री शेतात जागलीला जातात. अंधारात एका माळ्यावरचा माणूस ‘हो’ करून हाक देतो. दूरच्या माळ्यावरून ‘हो’ येतो. त्या हाकेने डुकरे पळतात, हा एक भाग. पण पलीकडचा ‘हो’ आला नाही, तर बॅटरी घेऊन तिकडे धावायचे असते. आवाज म्हणजे खुशाली आणि शांतता म्हणजे इशारा. इंजिनिअरांनी जे तारेने साधले, ते आमच्या जागल्यांना आधीपासून ठाऊक आहे.

आता भाच्याची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी, रमजानातच, तो सुट्टीवर माझ्याकडे आला होता. सहरी झाली. दस्तरखान उचलला. तो मात्र तिथेच बसून राहिला. मी विचारले, ‘काय झाले बेटा?’ तेव्हा तो म्हणाला, ‘मामू, चार माणसे माझ्यामुळे गेली असती.’

झाले होते ते असे. अ‍ॅनालायझर खरे बोलतो की नाही, हे मधूनमधून तपासावे लागते. दुकानदाराचा काटा वजने ठेवून तपासतात तसे. ज्यात वायूचे प्रमाण आधीच ठाऊक आहे अशा सिलिंडरमधला वायू यंत्रात सोडतात आणि आकडा जुळवतात. या वेळी आकडा शून्यावर येतो, मग एकदम वर चढतो. हे खोटे चढउतार नियंत्रण कक्षात गेले तर ईएसपी विनाकारण बंद पडेल. म्हणून यंत्रात ‘होल्ड’ नावाची सोय असते. होल्ड लावला की शेवटचा खरा आकडा गोठून राहतो. तपासणी संपली की होल्ड काढायचा.

त्या रात्री दोनच्या सुमारास भाच्याने होल्ड लावला. पडद्यावर आकडा गोठला तो ०.०६. तपासणी संपत आली आणि फोन आला, खाली कोळशाच्या वजनपट्ट्यावर बिघाड आहे, ताबडतोब ये. तो पळाला. होल्ड तसाच राहिला.

पुढचे अडीच तास नियंत्रण कक्षात ०.०६ दिसत राहिले. उत्तम आकडा. कुणी का शंका घ्यावी? इकडे वजनपट्टा गडबडल्यामुळे भट्टीत कोळसा हवा त्याहून जास्त जात होता. आणि ईएसपीच्या खाली, हॉपरपाशी, चार कंत्राटी मजूर साचलेली धूळ काढत होते.

त्या पाळीला एक निवृत्तीला आलेले भट्टीचालक होते. आमच्या भागातलेच. चहा पीत ते पडद्याकडे पाहत होते. शेजारच्या तरुण ऑपरेटरला म्हणाले, ‘काहून गा पोट्ट्या, हे रेघ इतकी सिधी कशी? जित्या माणसाची नाडी बी इतकी सिधी चालत नाही.’

त्यांनी फोन केला. भाचा जिने चढत वर धावला. होल्ड काढला. आकडा ०.०६ वरून उडाला तो पहिल्या मर्यादेच्या वर, दुसरीच्या अगदी जवळ. कक्षात गजर झाला. म्हाताऱ्या चालकाने आधी हाताने ईएसपीची वीज तोडली, मग कोळसा कमी केला आणि माणसे खालून हलवायला सांगितली. काही मिनिटांत आकडा उतरला. कुणाला खरचटलेही नाही. म्हणून ही बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही.

भाचा सांगत होता आणि मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. मी समजूत घातली, ‘बेटा, तू विसरलास. माणूस विसरतोच.’ तो म्हणाला, ‘मी विसरलो ते खरे. पण मामू, अडीच तास कक्षात तिघे-चौघे तो आकडा पाहत होते. आकडा वाढलेला दिसला असता, तर सगळ्यांनी मला फोन करून म्हटले असते की तुझे यंत्र बिघडले. आकडा चांगला होता, म्हणून कुणी यंत्राला विचारले नाही.’

श्रोतेहो, मला जे सांगायचे आहे ते या एका वाक्यात आहे. वाईट आकडा आला की आपण यंत्रावर संशय घेतो. चांगला आला की त्याच यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

आणि याच्या मुळाशी आणखी एक कारण असते. फार वाजणारे गजर. भाच्याच्या कारखान्यात यंत्राची नळी धुळीने तुंबायची, आकडा उसळायचा, गजर व्हायचा. पाळीत इतक्यांदा की ऑपरेटर न पाहताच बटण दाबून आवाज बंद करत. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. पण तिचा दुसरा अर्धा भाग गावकऱ्यांविषयी आहे. त्यांचे कान एका दिवसात बहिरे झाले नाहीत. दर हाकेगणिक थोडेथोडे झाले.

हे केवळ आपल्याकडचे नाही. १९९४ च्या जुलैत ब्रिटनमध्ये मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. चौकशीत आढळले की स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ गजर आले होते. मिनिटाला पंचवीस. त्यांतला कामाचा कोणता, हे कुठल्या माणसाला कळेल? पुढे १९९९ साली तिथल्या तज्ज्ञांनी गजरांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचे सार साधे आहे. नेहमीच्या कामात एका माणसाला दहा मिनिटांत एकाहून जास्त गजर येऊ नयेत, आणि ज्यावर माणसाला काही करायचेच नाही, तो गजर गजरच नव्हे. आम्हा कवींनाही हे लागू आहे. आम्हीही उठसूट घंटा वाजवतो.

आता दुसरी बाजू पाहू. कधी कधी प्रत्येक आकडा मर्यादेतच असतो, तरीही अनर्थ चालत येत असतो. भोपाळ आपण विसरलेलो नाही. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री, साडेदहाच्या आधी, त्या विषारी टाकीतला दाब चौरस इंचाला २ पौंड होता. मग पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या पाळीतल्या माणसाला तो १० दिसला. नेहमीचा पल्ला २ ते २५. म्हणजे दहा काही वावगे नव्हते. पण अर्ध्या-पाऊण तासात दोनाचे दहा झाले, हे त्या एकट्या आकड्यात दिसत नव्हते. नंतर वस्तीला ऐकू जाणारा भोंगा वाजला खरा, पण थोड्याच वेळात तो बंद केला गेला; कामगारांसाठीचा चालू राहिला. ज्यांना सर्वांत जास्त ऐकायला हवे होते ते झोपेतच राहिले.

फार दूर कशाला जा? २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. शेकडो माणसे रुग्णालयांत दाखल झाली, सुमारे वीस जण दगावले. ही माणसे काही एका दिवशी आली नाहीत. आज एक, परवा दोन, अशी येत गेली. एकेका गावात, एकेका खाटेवर पाहिले तर ते एकटेदुकटे आजारी माणूस. फवारणीत चक्कर येतेच, असे आपणही म्हणत आलो आहोत. दोनाचे दहा कधी झाले, हे राज्याच्या कानावर जाईपर्यंत कितीतरी घरांतला कर्ता गेलेला होता. त्या मोसमात आपल्या जिल्ह्याचा आकडा सतत कोण पाहत होते? आणि कोणत्या आकड्यावर घाबरायचे, हे आधी कुणी ठरवून ठेवले होते?

म्हणून मला वाटते, मर्यादा हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सिमेंटसह १७ प्रकारच्या उद्योगांना, धुराड्यातले आणि सांडपाण्यातले आकडे सतत मोजून थेट मंडळाकडे पाठवणारी यंत्रे बसवायला सांगितले. सिमेंटच्या भट्टीसाठी धुळीची मर्यादा आता घनमीटरला ३० मिलिग्रॅम आहे. आकडा ओलांडला की संबंधितांच्या मोबाइलवर संदेश जातो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे आकडे लोकांना पाहता यावेत असेही सांगितले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्याची कपाशी आहे, त्याच्या मोबाइलवर अजून तो संदेश येत नाही. तो आकडा कुठे पाहायचा आणि त्याचा अर्थ काय, हे त्याला कुणी सांगितले तर पाहिजे. आणि त्याने पाहिलेच, तर म्हाताऱ्या चालकाचा प्रश्नही विचारावा : ही रेघ इतकी सरळ कशी?

भाच्याचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. त्या रात्री घडलेले सगळे त्याने पाळीच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिले, होल्ड मीच लावला आणि मीच विसरलो. मित्र म्हणाले, लिहू नकोस, कुणाला कळणार आहे? त्याला मेमो मिळाला. पण लिहिले होते म्हणूनच चौकशी झाली, आणि यंत्राची मांडणी उघडून पाहिली गेली. होल्ड ठराविक वेळानंतर आपोआप सुटावा, अशी सोय त्यात पहिल्यापासून होती. कुणीतरी कटकट नको म्हणून ती शून्यावर ठेवली होती, म्हणजे बंद. ती तीस मिनिटांवर आणली. होल्ड लागला की कक्षात पिवळा दिवा लागू लागला. आकडा बराच वेळ जागचा हललाच नाही, तर त्याचाही गजर ठेवला. तुंबणारी नळी दुरुस्त झाली, आणि ज्या गजरांवर कुणालाच काही करायचे नव्हते ते काढून टाकले. कक्ष शांत झाला. आता गजर झाला की माणसे मान वर करून पाहतात.

ते भट्टीचालक पुढे निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाच्याने त्यांना घड्याळ दिले. ते म्हणाले, ‘अबे, मले काय करायचं घड्याळ? मी त तसाई पहाटे उठतो.’

गेल्या ईदला भाचा घरी आला तेव्हा मी विचारले, ‘आता होल्ड विसरत नाहीस ना?’ त्याने सांगितले, ‘यंत्र आता आठवण देते. पण मी त्यावर राहत नाही. पाळी बदलताना समोरच्या माणसाला तोंडाने सांगतो, होल्ड काढला आहे, आकडा चालू आहे. आणि त्याने “ऐकले” म्हटल्याशिवाय जागेवरून हलत नाही.’

त्या चाचांना भाच्याने कधी पाहिलेले नाही. तो जन्मला त्याच्या कितीतरी आधी ते गेले.